कडेवरचं नाव

परवा रात्री साडेनवाला आत्याचा फोन आला. आत्या ब्याऐंशी वर्षांची आहे आणि साडेसातला झोपते, त्यामुळे साडेनवाला तिचं नाव मोबाईलवर दिसलं की आधी पोटात गोळाच येतो. पण तसं काही नव्हतं. "का रे, धाकल्याचा बिल्ला घ्यायला कधी जायचं?" एवढंच विचारलं आणि मी हो-नाही म्हणायच्या आत ठेवूनही दिला. या बिल्ल्यावरून आमच्या घरात गेलं वर्षभर चाललंय. नातेवाईकांपैकी बरेच जण हे वाचतात, तेव्हा ज्यांनी मला फोनवर अर्धवट ऐकलंय त्यांनी एकदा सगळं ऐकून घ्यावं आणि मग काय रागवायचं ते रागवावं.

धाकल्या म्हणजे माझे काका. वडिलांच्या पाठचे, आत्याहून सहा वर्षांनी लहान. जन्म ४८ सालचा. तेव्हा वैजापूर निजामाच्या राज्यात होतं आणि रझाकारांच्या भीतीने आमची माणसं गुरंढोरं मागे ठेवून सरहद्दीपलीकडे येवल्याला जाऊन राहिली होती. काका तिथेच जन्मले. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, सगळे परत आले, तेव्हा ते तान्हं पोर सहा वर्षांच्या आत्याच्या कडेवर होतं. ही गोष्ट आत्या इतक्या वेळा सांगते की आम्ही पोरं पुढची वाक्यं तिच्याबरोबर म्हणायचो. "दोन कोसांवर माझा हात भरून आला, पण खाली नाही ठेवला."

काका मराठा पलटणीत भरती झाले आणि ७१ च्या डिसेंबरात पूर्वेकडच्या लढाईत गेले. वय तेवीस. लग्नाला दीड वर्ष झालेलं, मूलबाळ नाही.

आता जे सांगतोय ते आजच्या पोरांना खरं वाटत नाही. काकांना कुणी घरी आणलं नाही. तशी रीतच नव्हती. ६२, ६५ आणि ७१ ला जे पडले त्यांचे अंत्यसंस्कार बहुतेक तिथेच, लढाईच्या जागी किंवा मागच्या तळावर झाले. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी, गावभर रांगोळ्या, बंदुकीची सलामी, कलेक्टर, आमदार हे सगळं आपण पाहतो ते १९९९ च्या कारगिलपासूनचं. त्याआधी घरी यायची ती तार. तारखात्याने २०१३ च्या जुलैत शेवटची तार पाठवून दुकान बंद केलं तेव्हा पेपरांनी मोठे हळवे लेख लिहिले होते. आत्या म्हणाली, बरं झालं मेली.

तारेनंतर तीन-चार महिन्यांनी रोटेगाव स्टेशनावर एक काळी पत्र्याची ट्रंक आली. बैलगाडीतून घरी आणली. आत दाढीचं सामान, एक स्वेटर, घरूनच गेलेली पत्रं आणि बंद पडलेलं घड्याळ. घड्याळ वडिलांनी दुरुस्त करून पुष्कळ वर्षं वापरलं. ट्रंकेत पुढे आई डाळी ठेवायची. यात कुणी काही वाईट केलं असं मला वाटत नाही. खेडेगावात चांगली पत्र्याची ट्रंक रिकामी ठेवत नाहीत.

आजीने मात्र त्या ट्रंकेला शेवटपर्यंत हात लावला नाही. तिचं म्हणणं एकच: मी माझ्या पोराला पाह्यलं नाही, तार खोटी असू शकते. नावं चुकतात. त्या पलटणीत आपल्या नावाचे काय कमी असतील? आणि म्हणून तिने टाकही करू दिला नाही.

टाक म्हणजे काय ते शहरातल्या भाचरांसाठी सांगतो. आपल्या देवघरात खंडोबा, भवानी यांच्या चांदीच्या पत्र्यावर ठसवलेल्या ज्या छोट्या प्रतिमा असतात, ते टाक. घरातलं कुणी लढाईत किंवा अकाली गेलं तर त्याचाही टाक करून देवांत बसवायची आपल्याकडे पद्धत आहे. त्याला वीर म्हणतात. नाशकाकडे धुळवडीला हे वीर वाजतगाजत मिरवतात. त्याच्याही मागे गेलं तर गावोगावच्या मारुतीच्या पारापाशी शेंदूर फासलेले वीरगळ दिसतात. खाली लढाई, मध्ये अप्सरा त्याला वर घेऊन चालल्यात, सगळ्यात वर तो पिंडीपुढे हात जोडून बसलेला. युद्धात मेलेल्या माणसाची घरासाठी, गावासाठी आठवण करून ठेवणं ही कल्पना आपण इंग्रजांकडून घेतलेली नाही, हे सांगायला एवढं पाल्हाळ लावलं.

तर टाक केला असता तर काका मेले असं आजीने मान्य केल्यासारखं झालं असतं. ती ८६ साली गेली. तोवर टाक राहिला तो राहिलाच. नंतर कुणी विषय काढला नाही. आत्याकडे धाकट्या भावाची म्हणून एक वस्तू नाही. फोटो एकच होता, लग्नातला, तो पावसाळ्यात भिंतीला चिकटून गेला.

आता बिल्ल्याकडे येतो. ७१ च्या लढाईत पूर्वेकडे असलेल्या जवानांना 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल' अशी दोन पदकं आहेत (पश्चिमेकडे होते त्यांना 'पश्चिमी स्टार'). ही शौर्यपदकं नव्हेत. लढाईत हजर असलेल्या प्रत्येकाची. काकांनीही ती कमावलेली असणार, मग ती गेली कुठे? घरातलं उत्तर तयार होतं: काकूंनी नेली. काकू एकोणिसाव्या वर्षी विधवा झाल्या, वर्षभराने माहेरी गेल्या, आणि ७५ च्या सुमारास त्यांच्या वडिलांनी त्यांचं दुसरं लग्न करून दिलं. कोपरगाव तालुक्यात. आमच्याकडे त्यांचं नाव त्यानंतर कुणी घेतलं नाही. 'ती बाई पेन्शनही घेऊन गेली आणि बिल्लेही' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय. ज्यांना दुसरं लग्न करू दिलं तेच हे बोलत, याची मला तेव्हाही गंमत वाटायची. गंमत हा शब्द चुकीचा आहे, पण असो.

सरकारचे नियम तरी कुठे फार वेगळे होते म्हणा. शौर्यपदकाबरोबरचा भत्ता विधवेने पुनर्विवाह केला तर बंद व्हायचा. अपवाद एकच, दिराशी केला तर चालू. ही अट काढून टाकायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडावा लागला. म्हणजे बाई आणि तिच्याबरोबर येणारं सगळं सासरच्या घरातच राहिलं पाहिजे, हे आमच्या आजोबांच्या ओसरीवरचंच तत्त्वज्ञान.

गेल्या वर्षी आत्या पडली, खुबा मोडला. दवाखान्यात पडल्या पडल्या तिने मला पहिल्यांदा स्वतःहून सांगितलं, "मला त्याचं काहीतरी हातात धरायला पाहिजे." मी कामाला लागलो. आत्याच्या पत्र्याच्या डब्यात एक आंतर्देशीय मिळालं, त्यावर काकांचा नंबर होता. तो घालून पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज केला. वाटलं होतं वर्ष जाईल, पण दोन महिन्यांत व्यवस्थित उत्तर आलं. दोन्ही पदकं १९७८ साली निकटच्या वारसाला, म्हणजे पत्नीला, पाठवण्यात आली होती. माहेरच्या पत्त्यावर. म्हणजे 'नेली' नव्हती. आली होती. रीतसर.

मधल्या काळात पुण्याच्या भावाने एक उद्योग केला. (तू रागावणार आहेस हे माहीत आहे, पण हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.) फौजी सामानाच्या एका दुकानातून त्याने तीच दोन पदकं आणली, नवी कोरी, फितीसकट. अशी दुकानं मोठ्या छावण्यांच्या गावांत असतात, आणि ती काही लबाडांची दुकानं नाहीत. मध्यंतरी देशात थकलेल्या पदकांचा आकडा लाखांत गेल्याच्या बातम्या होत्या. आपल्या हक्काची पदकं हातात न पडल्यामुळे जवान परेडला विकत घेतलेली लावतात, हे सगळ्यांना माहीत आहे. भावाने ती मखमलीवर बसवून फ्रेम केली आणि आत्याला दिली. फार छान दिसत होती.

आत्याने फ्रेम मांडीवर घेतली. मागचं पान काढायला लावलं. संग्राम मेडल हातात घेतलं, निकेलचं गोल, रुपयापेक्षा मोठं. फिरवून फिरवून पाहिलं. गावातल्या एका रिटायर सुभेदारांनी तिला कधीतरी दाखवलं होतं की मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. बारीक, इंग्रजीत. आत्याला इंग्रजी येत नाही आणि आता नजरही नाही. ती अंगठ्याने कड चाचपत राहिली. पूर्ण एक फेरी. मग म्हणाली, "ह्याच्यावर न्हाई रे तो."

भाऊ बिचारा ओशाळला. त्याचा हेतू चांगला होता. पण मला तेव्हा कळलं की आमच्या घरातली सगळ्यात कमी शिकलेली बाई या विषयात आम्हा सगळ्यांच्या पुढे आहे.

कारण या वस्तूंचं सगळं मोल त्या कडेवरच्या नावात आहे. टाकावर नाव नसतं, वीरगळावरही बहुतेक नसतं, पण तिथे चालतं. टाक एका घरासाठी, एका माणसाचा, ओळखीच्या सोनाराने केलेला असतो. तो कुणाचा हे देवघरासमोर बसणाऱ्याला माहीत असतं. पदक टाकसाळीत लाखाच्या हिशोबाने पडतं. त्यात नाव कोरलं नाही तर तो धातूचा तुकडा कुणाचाही असतो, म्हणजेच कुणाचाच नसतो.

इंग्रजांना हे कळलं होतं आणि नव्हतंही. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी काशाची एक तबकडी पाठवली. सुमारे बारा सेंटिमीटरची, ब्रिटानिया आणि सिंह असलेली, लिव्हरपूलच्या कार्टर प्रेस्टन नावाच्या शिल्पकाराने केलेली. तेरा लाखांहून जास्त तबकड्या ओतल्या. लोक तिला थट्टेने 'मेलेल्याचा पैसा' म्हणत. पण त्यात एक मोठी गोष्ट होती: नाव होतं, आणि हुद्दा नव्हता. जनरल आणि शिपाई सारखेच. भारतीय सैनिकांच्या घरीही त्या आल्या. आता दुसरी बाजू बघा. त्याच इंग्रजांनी बसऱ्याला मेसोपोटेमियात पडलेल्यांचं स्मारक बांधलं. कुतच्या वेढ्यात आपल्या मराठा पलटणी होत्या, त्यांच्यातलेही त्यात येतात. तिथे गोऱ्यांची नावं, हिंदुस्थानी अधिकाऱ्यांची नावं, आणि हिंदुस्थानी शिपायांचा पलटणीपुढे नुसता आकडा. अमुक पलटण, इतर इतके. या गोष्टीची त्यांच्याच युद्धकबर आयोगाने चौकशी करून कबुली दिली ती २०२१ मध्ये. त्या अहवालाप्रमाणे आफ्रिका आणि आशियातल्या निदान १,१६,००० आणि कदाचित साडेतीन लाख मृतांची नावाने आठवण ठेवलीच गेली नाही. शंभर वर्षांनी माफी मागितली हे चांगलंच आहे. ज्यांच्या आयांनी आमच्या आजीसारखी वाट पाहिली त्या तोवर कधीच गेल्या.

आपलं सरकार काही करत नाही असं मी म्हणणार नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात (२५ फेब्रुवारी २०१९ ला उघडलं) ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर एकेक नाव आहे, पंचवीस हजारांवर. २०२२ च्या प्रजासत्ताक दिनाला एनसीसीच्या पोरापोरींनी त्यातल्या काही हजार जणांच्या घरच्यांना कृतज्ञतेची मानचिन्हं दिली. २०२५ मध्ये कारगिलच्या ५४५ शहिदांच्या घरोघरी लष्कराची पथकं मानचिन्ह घेऊन गेली. घरी गेली, हे मला सगळ्यात आवडलं. मंत्र्याच्या कार्यक्रमात मांडवात तीन तास बसवून शाल-नारळ देण्यापेक्षा हजारपट बरं. बांगलादेशानेही ७१ च्या १,६६१ भारतीय जवानांचा सन्मान करायचं ठरवून २०१७ च्या एप्रिलमध्ये सुरुवात केली, सात कुटुंबांना पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत स्वतः मानपत्रं दिली. आमच्या घरी तेव्हा चार दिवस चर्चा. वडील म्हणाले, आधी त्या देशाने परदेशी मित्रांना दिलेल्या सन्मानचिन्हांत सोनं कमी निघालं होतं ते वाचलंस का? (खरं आहे, २०१४ ची बातमी.) वडील असेच आहेत.

वडिलांचं एकूण मत असं की वस्तूत काय आहे? त्यापेक्षा गावाकडच्या शाळेला एक खोली बांधा, काकांचं नाव द्या. विचार चुकीचा नाही. पण ज्यांच्या मनगटावर तीस वर्षं भावाचं घड्याळ होतं त्यांनी हे बोलावं?

माझं म्हणणं साधं आहे. ही मानचिन्हं, पदकं, ध्वज जे काही असेल ते नोंदीतल्या वारसाकडे जातं. एका माणसाकडे. लग्न झालेला असेल तर बायकोकडे, आणि ते बरोबरच आहे. तिच्याकडून काढून आईबापांना द्या असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. पण मेलेला माणूस एकाच घराचा नसतो. एक घर त्याच्या संसाराचं, एक तो जिथे जन्मला ते. २०२४ मध्ये एका कीर्तिचक्र विजेत्या अधिकाऱ्याच्या आईवडिलांनी हेच गाऱ्हाणं जाहीरपणे मांडलं, आणि लोकांनी लगेच सासू विरुद्ध सून अशा टोळ्या करून त्या कोवळ्या मुलीवर नाही नाही ते लिहिलं. किळस आली. त्यात सुनेचाही दोष नाही, सासूचाही नाही. वस्तू एकच आहे आणि घरं दोन आहेत, हा दोष आहे. दुसरी प्रत काढायला काय लागतं? पदकाची प्रत नको, पदक एकच असावं. पण नाव, नंबर, पलटण आणि तारीख कोरलेली एखादी तळहाताएवढी तबकडी, आईबापाच्या घरासाठी, आईबाप नसतील तर भावाबहिणीसाठी. नाव देवनागरीतही कोरा. पोस्टाने नका पाठवू, तालुक्याच्या गावातल्या कुणीतरी माजी सैनिकाने घेऊन जावं, चहा प्यावा आणि दोन शब्द बोलून परत यावं. आणि ६२, ६५, ७१ च्या घरांपासून सुरुवात करा, कारण त्यांना शेवटचं तोंडही पाहायला मिळालं नाही आणि ती माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. यासाठी अर्ज मागवू नका. आंतर्देशीय सापडलं म्हणून आमचा नंबर मिळाला. ज्यांच्या घरी पाणी शिरलं त्यांनी काय करायचं?

असो. भाषण झालं.

फेब्रुवारीत मी काकूंचा नंबर मिळवला. त्यांच्या नातवाने फोन लावून दिला. काय हाक मारायची हेच कळेना. शेवटी "काकू" म्हटलं. पलीकडे इतका वेळ शांतता, की मला वाटलं फोन कट झाला. मग त्यांनी विचारलं, "वन्सं आहेत का अजून?"

दोन्ही पदकं त्यांच्याकडे आहेत. दुसऱ्या घरात त्यांनी ती सत्तेचाळीस वर्षं जपली, आणि त्यांच्या मालकांना (ते मागच्या वर्षी वारले) हे पहिल्यापासून माहीत होतं. दर दसऱ्याला शस्त्रांबरोबर ती पाटावर मांडायची, असं त्या म्हणाल्या. म्हणजे काकांची पूजा झाली ती त्या घरात. आमच्या घरात त्यांच्या ट्रंकेत तुरीची डाळ होती. "ती बाई"ने काय नेलं याचा हिशोब ज्यांनी इतकी वर्षं मांडला त्यांनी, माझ्यासकट, हे दोनदा वाचावं.

मी काही मागितलं नाही. मागणार नाही असं ठरवूनच फोन केला होता. त्या आपणहून म्हणाल्या की वन्संना घेऊन या, त्यांच्या हातात देते, मग त्यांना वाटलं तर ठेवून घ्या, नाहीतर मी आहेच. नंतर आत्याचा खुबा, मग कडक उन्हाळा, मग पाऊस असं लांबत गेलं. आता येत्या रविवारी जायचं ठरलंय. खुबा दुमडायला नको म्हणून पुढच्या सीटवर बसवून नेईन.

पुण्याच्या भावाचं म्हणणं की आत्याने दोन्ही ठेवून घ्यावीत. माझ्या बायकोचं म्हणणं की एकही घेऊ नये, हात लावून परत द्यावीत. मला वाटतं ते दोघींनी ठरवावं आणि आम्ही अंगणात बसावं.

आत्याला मात्र वेगळाच घोर आहे. आज सकाळी परत फोन. काकू आता पुन्हा विधवा, तेव्हा ओटी भरायची की नुसती साडी द्यायची? मी म्हटलं, तुला काय वाटतं? "माझ्या भावाची बायको आहे, हिरवं लुगडं आणि खण नारळ घेऊन जाणार. कोण काय म्हणतंय बघते." तर कुणी शनिवारी बाजारात जाणार असेल तर हिरवं नऊवारी बघा, काठ जरा रुंद असावेत म्हणते.